हत्ती गवत दावणीला घालावं की गॅसच्या कारखान्याला? माझ्या एका एकराचा हिशोब

माणदेशी_दावण (सांगोला तालुका)
९ जून, रात्री ९.४०

मंडळी, रामराम.

माझ्याकडे ८ दुभत्या संकरित गायी, ४ कालवडी आणि एक एकर हत्ती गवत आहे. म्हणजे आपण ज्याला नेपियर म्हणतो ते. सहा वर्षं झाली लावून. आता गावात एक माणूस फिरतोय. म्हणतो, "आणखी दोन एकर नेपियर लावा, गवतापासून गॅस काढायचा कारखाना होणार आहे, टनाला हजार रुपये रोख मिळतील, दहा वर्षांचा करार करू." शेजारच्या तिघांनी सह्या केल्यात. माझाही हात सहीकडे गेला होता, पण म्हटलं आधी इथे विचारावं.

विचारण्याआधी माझा अनुभव मांडतो, म्हणजे नव्या लोकांच्याही कामी येईल.

२०१९ च्या दुष्काळात माझी जनावरं चारा छावणीत होती. सकाळ-संध्याकाळ ऊस आणि वाढे, दुसरं काही नाही. गायी जगल्या, पण दूध निम्म्यावर आलं आणि दोन गायी पुढे वर्षभर गाभण राहिल्या नाहीत. तेव्हाच ठरवलं, की टेंभू पाणी योजनेचं आवर्तन आलं की पहिलं पाणी वैरणीला, मग डाळिंबाला. ज्वारीचा कडबा तर लागतोच, पण हिरवं घरचं असावं.

लावण ९० बाय ६० सेंटिमीटरवर केली. एकरी साधारण साडेसात हजार कांड्या लागल्या, दोन डोळ्यांच्या. एक डोळा मातीत, एक वर. अडीच-तीन महिन्यांच्या ताटाची मधली कांडी घ्यावी, शेंड्याची कोवळी कुजते. पहिली कापणी ७० दिवसांनी केली, नंतर दर ४५ दिवसांनी. जमिनीपासून चार-पाच बोटांचं खोड ठेवतो. पार मुळासकट खरवडलं तर फुटवा कमी येतो.

सगळ्यात उपयोगी पडलं ते असं: एकराचे ४५ पट्टे पाडले. एक पट्टा गुंठ्याहून थोडा कमी. रोज एकच पट्टा कापायचा. पंचेचाळिसाव्या दिवशी शेवटचा पट्टा संपतो, तोवर पहिला परत छातीला आलेला असतो. एका पट्ट्यातून सरासरी २०० किलो निघतं. म्हणजे वर्षाला ७० ते ७५ टन. फ्लेक्सवर १६० टन, २०० टन लिहिलेलं असतं. माझ्या माळरानाच्या जमिनीत सहा वर्षांत ते कधी दिसलं नाही. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, गवत बसूनच राहतं. तेव्हा ४५ चे ६० दिवस होतात आणि मका किंवा लसूणघास हाताशी नसेल तर दावण रिकामी पडते.

आता सांगा, सही करू का?

---

नवशिक्या_गोपालक
९ जून, रात्री १०.१५

दादा, फार नेमकं लिहिलंत. मी दोन गायींपासून सुरुवात करतोय. एक शंका आहे. ऑनलाइन सुपर नेपियरच्या बियांचं पाकीट दिसतं, २५० ग्रॅमचं. ते मागवलं तर कांड्यांचा वाहतूक खर्च वाचेल का?

---

माणदेशी_दावण
९ जून, रात्री १०.३२

भावा, ते पाकीट अजिबात घेऊ नकोस. संकरित नेपियरला रुजणारं बी धरतच नाही. कारण कोणीतरी जाणकार सांगेल, पण बी म्हणून जे येतं ते बाजरी निघतं नाहीतर काहीच निघत नाही. कांडी किंवा ठोंब, हेच बेणं.

---

डॉ_गोठा (पशुवैद्यक, अहिल्यानगर जिल्हा)
१० जून, सकाळी ६.५०

बियाचं कारण मी सांगतो. मूळ हत्ती गवत आफ्रिकेतलं. त्याच्या पेशीत गुणसूत्रं २८. बाजरीत १४. दोघांचा संकर केला की दोन्हीकडून निम्मी येतात, १४ आणि ७, मिळून २१. एकवीस गुणसूत्रांच्या जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून दाणा वांझ. पण या वांझपणाचा फायदा असा, की हे गवत बी पडून शेजाऱ्याच्या रानात तण म्हणून पसरत नाही. बाजरीकडून पाल्याचा रसाळपणा आला, हत्ती गवताकडून बहुवर्षायू ठोंब आला.

आपल्याकडे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे यशवंत, जयवंत, गुणवंत हे वाण आहेत. उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेकडचा बीएनएच-१०, धारवाडच्या चारा संशोधन केंद्राचा डीएचएन-६, कोइमतूरचे सीओ-४, सीओ-५. ज्याला सगळे सुपर नेपियर म्हणतात ते थायलंडच्या पाकचोंगमधून आलेलं. वाणावरून भांडण नको. तुमच्या तालुक्यात ज्याचं निरोगी बेणं जवळ मिळतं आणि ज्याच्या पानाला लव कमी आहे, ते लावा.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. "१८ टक्के प्रथिनं" ही जाहिरात वाचून सरकी पेंड बंद करू नका. प्रथिनं वाणापेक्षा वयावर ठरतात. ४० दिवसांचं कोवळं, भरपूर नत्र दिलेलं गवत आणि ९० दिवसांचं बांबूसारखं झालेलं गवत, यांत अर्ध्याचा फरक पडतो. ४५-५० दिवसांच्या कापणीला कोरड्या वजनावर ८ ते १० टक्के धरा. आणि हे कोरड्या वजनावर, हे लक्षात ठेवा. शंभर किलो हिरव्या गवतात ८० किलो पाणीच असतं.

४०० किलोच्या गाईला दिवसाला साधारण १२ किलो कोरडा आहार लागतो. २० किलो नेपियर दिलं म्हणजे पोटात ४ किलोच गेलं. उरलेलं कडबा, द्विदल चारा आणि खुराक यांतून यायला हवं. गव्हाणीत हिरवागार ढीग दिसला की आपलं मन भरतं, गाईचं पोट भरत नाही.

---

गोठ्यातली_काकू (संगमनेरकडची)
१० जून, दुपारी २.१०

डॉक्टर, तुमचं शेवटचं वाक्य आमच्या घरच्यांना वाचून दाखवलं.

मी बारा वर्षं गोठा बघते. दादांनी ४५ पट्ट्यांचं लिहिलंय ते खरंच चांगलं आहे, पण त्या पट्ट्यात विळा कोण चालवतं तेही लिहायला हवं. आमच्याकडे तरी बायकाच. रोज दोनशे किलो कापायचं, बिंडे बांधायचे, डोक्यावरून कुट्टी यंत्रापाशी आणायचे. पानाच्या कडा करवतीसारख्या. दवात कापलं की हात चिरतात आणि मग शेणाला हात लागला की आग आग होते. मी जुन्या शर्टाच्या बाह्या कापून मनगटापर्यंत घालते, त्यांनी फार फरक पडला. जुना गजराज वाण होता तो तर अंगावरच यायचा. आता बीएनएच-१० लावलाय, त्याचं पान मऊ आहे, गायीही वेचून खात नाहीत, सगळं खातात.

दुसरं, कुट्टी यंत्राबद्दल. आमच्या वस्तीवर एका मुलीची तीन बोटं गेली. पेंढी आत ढकलताना हात रोलरपर्यंत गेला. त्या यंत्राचं झाकण काढून ठेवलं होतं, कारण झाकण असलं की पेंढी अडकते असं सगळे म्हणायचे. माझी हात जोडून विनंती आहे, झाकण काढू नका, ओढणी-पदर खोचून घ्या, आणि पोरांना त्या कामाला लावू नका. नेपियरचं ताट जाड असतं, रोलर ते हिसका देऊन ओढतो. कडब्याला हा हिसका बसत नाही, म्हणून आपण गाफील राहतो.

---

माणदेशी_दावण
१० जून, रात्री ८.०५

काकू, खरं आहे. आमच्याकडेही सकाळची कापणी आई आणि बायको करतात. ते मी लिहायला हवं होतं. झाकण आजच बसवतो.

---

वैदर्भी_शिवार
१० जून, रात्री ९.२०

भाऊ, सहीचं विचारलंत म्हणून लिहितो. माझ्यावर गुदरलेलं सांगतो, कुणाचं नाव घेत नाही.

आमच्याकडेही असेच लोक आले होते. सभासद व्हा, भागभांडवल भरा, बेणं आमच्याकडूनच घ्या, गवत आम्ही उचलू. मी सभासदत्वाचे पैसे भरले. एका डोळ्याला दोन रुपये देऊन बेणं घेतलं. दोन एकरांत लावलं, ठिबक टाकलं. भूमिपूजन झालं, जेवणं झाली. कारखाना झाला नाही. पंधरा महिन्यांनी गवत बारा फूट उंच, खाली पिवळं पडलेलं, आत उंदीर आणि साप. फोन लागत नव्हता.

शेवटी गावातल्या गुराखी लोकांना सांगितलं, कापून न्या. काहींनी किलोला ८० पैसे दिले, काहींनी नुसतं दूध आणून दिलं. त्या उन्हाळ्यात आमच्या गावातली पंचवीस-तीस गुरं माझ्या गवतावर निघाली, ह्याचं समाधान आहे. पण पैसे बुडाले ते बुडाले. आणि मोडायला गेलो तर ठोंब निघेना. नांगर फिरवला, परत फुटलं. पुन्हा रोटाव्हेटर, पुन्हा फुटवा. शेवटी जेसीबीनं उपटलं आणि उन्हाळाभर वाळू दिलं. लावायला सोपं, काढायला महाग, हे सही करताना कोणी सांगत नाही.

---

गॅस_अभियंता (पुणे)
१० जून, रात्री ११.००

वैदर्भी दादा, वाचून वाईट वाटलं. मी बायोगॅस प्रकल्पांच्या उभारणीत काम करतो. हे तंत्र खोटं नाही, म्हणूनच त्याच्या नावावर पैसे गोळा करणं सोपं जातं. तर आकडे मांडतो, प्रत्येकाने स्वतः तपासावेत.

एक टन हिरवं गवत घ्या. कोरडा भाग २०० किलो. त्यातला राख सोडून कुजणारा भाग साधारण १८० किलो. किलोमागे अर्धा घनमीटरच्या आत-बाहेर वायू धरला तर ८० ते ९० घनमीटर कच्चा बायोगॅस. त्यात मिथेन ५५ टक्क्यांच्या आसपास. शुद्ध करून दाबून भरला की हाती ३० ते ३५ किलो गॅस येतो.

तेल कंपन्यांनी असा गॅस विकत घ्यायची केंद्राची 'सतत' नावाची योजना ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा तेल कंपन्यांनी या गॅसला किलोला ४६ रुपये दर दिला होता. त्या दराने टनामागे १४०० ते १६०० रुपये. यातून गवताचे हजार रुपये दिले तर कापणी, वाहतूक, वीज, कामगार, कर्जाचा हप्ता, सगळं चार-सहाशेत बसवायचं. पुढे दर वाढला तरी गणित ताणलेलंच राहतं. म्हणून टनाला दोन हजार देतो म्हणणारा भेटला तर तिथूनच उठा. हजारवाला प्रामाणिक असू शकतो, पण त्याला विचारा की स्लरी, म्हणजे गॅस काढून उरलेला खताचा रबडा, कोणाला विकणार आणि किती रुपयांना, कारण प्रकल्प तगतो तो स्लरीच्या विक्रीवर आणि गवतासोबत घेतलेल्या स्वस्त कच्च्या मालावर, म्हणजे प्रेसमड (साखर कारखान्यातला गाळ), शेण, कोंबडखत यांवर.

दुसरं, अंतर. दिवसाला दोन टन गॅस काढणाऱ्या प्रकल्पाला रोज ६० टन गवत लागतं. वर्षाला वीस हजार टन. माणदेशी दादांच्या खऱ्या उताऱ्याने म्हणजे २५०-३०० एकर. हे सगळं दहा-बारा किलोमीटरच्या आत असायला हवं, कारण दहा टनांची ट्रॉली भरली तर त्यात आठ टन पाणी असतं. पाण्याचं भाडं कोण भरणार? सभेला आलेले शेतकरी चार तालुक्यांतले असतील तर कारखान्याची जागा कुठेही असो, निम्म्यांचं गवत परवडणार नाही.

सीएनजीत हा गॅस मिसळण्याचं बंधन केंद्राने ठरवलंय: २०२५-२६ ला १ टक्का, मग ३, ४ आणि २०२८-२९ पासून ५ टक्के. त्यामुळे मागणी येणार हे नक्की. घाई करायचं मात्र कारण नाही.

दादा, सही करण्याआधी तीन कागद मागा: जागेचा सातबारा, बँकेचं कर्जमंजुरी पत्र, तेल किंवा गॅस कंपनीचं खरेदीपत्र. तिन्ही दाखवले तर पुढे बोला. आणि करारात, ठरलेल्या दिवशी गवत उचललं नाही तर भरपाई किती, हे कलम नसेल तर तो करार फक्त तुम्हाला बांधतो.

---

कुट्टीवाला (कोल्हापूर)
११ जून, सकाळी ७.३०

इथे काही लोक जाळण्याबद्दलही विचारतात, म्हणून लिहितो. मी साखर कारखान्याच्या बॉयलरवर वीस वर्षं होतो. बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चोथ्यात, ५० टक्के पाणी असतं तरी ते पेटतं. ८० टक्के पाण्याचं नेपियर पेटत नाही. जाड ताट उन्हात नुसतं टाकून वाळत नाही, आतून बुरशी धरतं. चिरून, पसरून, पलटून वाळवावं लागतं. नीट वाळलं तर किलोला चार हजार किलोकॅलरीच्या आसपास उष्णता आहे, लाकडाच्या जवळपास. पण कोवळ्या गवतात पोटॅश आणि क्लोरीन जास्त. भट्टीत ती राख वितळते, नळ्यांवर चिकटते, तिचे दगडासारखे गोळे (क्लिंकर) धरतात. जाळायचं गवत म्हणून वर्षातून एक-दोनदाच, पक्व झाल्यावर कापतात. म्हणजे वैरणीचं शेत आणि जळणाचं शेत ही दोन वेगळी शेतं आहेत. एकाच रानातून दोन्ही मिळणार नाहीत.

---

विलायतेतून (लिंकनशर, इंग्लंड)
११ जून, दुपारी ४.४५

नमस्कार. मूळ गाव बारामतीजवळ. इकडे शेतकरी ज्याला हत्ती गवत म्हणतात आणि वीजकेंद्रांना विकतात, त्याचे व्हिडिओ आपल्याकडे नेपियरच्या नावाने फिरतात. म्हणून खुलासा करतो. ते नेपियर नाही. ते मिस्कॅन्थस, आशियातून आलेलं, थंड हवेतही वाढणारं गवत. तेही नेपियरसारखंच वांझ संकर, कंदाचे तुकडे लावून वाढवतात.

मुख्य फरक कापणीचा. हिवाळ्यात ते उभ्या उभ्या वाळतं, पानं गळून जमिनीवर पडतात, अन्नद्रव्यं कंदात परत उतरतात. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळकी ताटं कापून गठ्ठे बांधतात. म्हणून जमिनीतून फारसं काही जात नाही आणि खत जवळजवळ लागत नाही. आपलं नेपियर हिरवं, रसरशीत असताना वर्षातून सात-आठदा कापायचं. "इंग्लंडमध्ये खताशिवाय वीस वर्षं चालतं" हे वाक्य नेपियरला लावलं तर जमीन खंगेल.

---

माणदेशी_दावण
११ जून, रात्री ९.१०

साहेब, तुमच्या या शेवटच्या मुद्द्याने माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रात्री वही घेऊन बसलो. गणित मांडतो, चुकलं तर सांगा.

माझ्या एकरातून वर्षाला ७५ टन हिरवं, म्हणजे १५ टन कोरडं जातं. प्रथिनं ९ टक्के धरली तर नत्र दीड टक्क्याला थोडं कमी. म्हणजे २०० किलोच्या वर नत्र दरवर्षी एका एकरातून उचललं जातं. युरियात सांगायचं तर दहा-साडेदहा पोती. पोटॅश त्याहून जास्त.

माझ्या सहा वर्षांत हे जाणवलं का नाही? कारण गवत गोठ्यात जातं आणि शेण-मूत त्याच रानात परत येतं. गोठा धुतलेलं पाणी पाटातून सरळ गवताला जातं. गाय त्यातलं थोडंच दुधात घेते, बाकीचं मला परत देते. तेच गवत ट्रॉलीत बसून तीस किलोमीटर गेलं तर परत काय येणार? हजार रुपये टनाने ७५ हजार. त्यातून पाणी, कापणी आणि हे खत वजा केलं तर मी गवत विकत नसून माती विकतोय असं होईल.

---

गॅस_अभियंता
११ जून, रात्री ९.५५

गणित बरोबर आहे. स्लरीत नत्र आणि पोटॅश जवळपास सगळं शिल्लक राहतं, कारण गॅसमध्ये कार्बन आणि हायड्रोजन जातात. म्हणून करारात "टनाच्या प्रमाणात स्लरी फुकट परत, शेतावर पोहोच" हे लिहून घ्या. जो प्रकल्पवाला हे मान्य करतो त्याला शेती कळते.

घरगुती गोबरगॅसमध्ये मात्र हे गवत घालू नका. लांब तुकडे वर तरंगतात, साय धरते, गॅस कोंडतो. जनावराच्या पोटातून आलेलं शेणच त्या टाकीला योग्य.

---

कोकणकडा_शेळी (संगमेश्वर)
१२ जून, सकाळी ११.२०

आमच्याकडे एकरच्या एकर सपाट जमीन कुठे? मी बांधावर आणि उताराला आडव्या ओळीत नेपियर लावलंय. चार पावसाळे झाले. मुळं इतकी दाट की माती वाहून जाणं थांबलं, पूर्वी दरवर्षी बांध फुटायचा. मात्र पाणी साचणाऱ्या खाचरात लावलेले ठोंब पहिल्याच आषाढात कुजले. याला पाणी हवं, पण पायाशी डबकं नको.

शेळ्यांना जाड ताट चालत नाही. त्या वरचा पाला खातात, खोड टाकतात. म्हणून मी ३०-३५ दिवसांनीच कापतो आणि सोबत शेवरी, सुबाभूळ देतो. उतारा कमी येतो, पण वाया जात नाही.

---

डॉ_गोठा
१२ जून, रात्री १०.३०

दोन दिवस फिरतीवर होतो. आता जे लिहायचं राहिलं होतं ते लिहितो, आणि ते या धाग्यातलं माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं आहे.

नेपियरमध्ये ऑक्झॅलेट असतं. उसाच्या वाढ्यांतही असतं. ते पोटात कॅल्शियमला धरून ठेवतं आणि गाईच्या अंगी लागू देत नाही. गाईच्या पोटातले जीवाणू हळूहळू ऑक्झॅलेट पचवायला शिकतात, पण त्यांना आठ-पंधरा दिवस द्यावे लागतात. कडब्यावरची उपाशी गाय एका दिवसात नुसत्या कोवळ्या नेपियरवर आणली तर थरथर कापणं, लडखडणं, बसून राहणं, असं होऊ शकतं. पानात ते जास्त, खोडात कमी. कोवळ्यात जास्त, वाढलेल्यात कमी. म्हणून मोठ्या जनावराला गुडघ्याएवढं गवत कापून घालू नये, ४५ दिवस होऊ द्यावेत. रोज खनिज मिश्रण द्यावं. चुन्याची निवळी देण्याची जुनी पद्धत आहे, तीही उपयोगी पडते. आणि नुसतं नेपियर कधीच नको. चवळी, लसूणघास, दशरथ घास यांपैकी काहीतरी सोबत हवं. घोड्याला मात्र हे गवत मुख्य चारा म्हणून देऊ नका, त्याला ऑक्झॅलेट गाईसारखं पचत नाही, हाडं ठिसूळ होतात.

आता माणदेशी दादा, हे खास तुमच्यासाठी. गोठ्याचं पाणी आणि मूत सतत ज्या गवताला जातं त्यात पोटॅश फार साठतं. विण्याच्या आधीच्या तीन आठवड्यांत गाईला असं गवत भरपूर दिलं की हाडांतलं कॅल्शियम सोडवून घेण्याची तिची तयारी मंदावते. मग व्यायल्यावर चीक उतरला की गाय खाली बसते, कान थंड पडतात, मान एका अंगाला वळवते. हाच दुग्धज्वर. तुमच्याकडे गेल्या काही वर्षांत असं झालंय का? झालं असेल तर गाभण गाईला शेवटचे तीन आठवडे त्या पट्ट्यांतलं गवत कमी करून कडबा आणि मका वाढवा, आणि खुराक डॉक्टरांना विचारून ठरवा.

आणखी एक. पावसाने ताण दिला, मग सर पडली, त्यातच युरिया टाकला, आणि आठ दिवसांत गवत काळंभोर हिरवं झालं. असं गवत लगेच कापू नका. त्यात नायट्रेट साठतं, आणि ते खोडाच्या बुडख्यात सर्वांत जास्त. जनावर धापा टाकतं, रक्त चॉकलेटी होतं, डोळ्यांच्या आतली कातडी तपकिरी-निळसर दिसते. ज्वारीची किरळ लागते (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) ती वेगळी, तिथे विष वेगळं आणि उपचारही वेगळा. म्हणून डॉक्टरला फोन करताना जनावराने काय खाल्लं हे पहिलं सांगा.

---

माणदेशी_दावण
१२ जून, रात्री ११.०५

डॉक्टर साहेब, झालंय. दोन वर्षांत तीन गायी व्यायल्यावर बसल्या. एक गेली. आमची सगळ्यात गरीब गाय होती, लेकरं तिच्या अंगावर खेळायची. मी नशिबाला दोष देत होतो, कोणी म्हणालं बाहेरची बाधा, कोणी म्हणालं पेंड खराब. गवताच्या पट्ट्याचा आणि याचा संबंध आज कळला. गोठ्याच्या पाटाजवळचे आठ-दहा पट्टे आहेत, सगळ्यात जोमदार, आणि गाभण गायीला चांगलं मिळावं म्हणून मी मुद्दाम तिथलंच घालत होतो.

---

डॉ_गोठा
१२ जून, रात्री ११.२०

मन लहान करू नका. चांगलं द्यावं म्हणूनच दिलंत. ते पट्टे दुभत्या गाईंना घाला, गाभणीला लांबचे. पाटाचं पाणी आळीपाळीने सगळ्या रानात फिरवा.

---

नैरोबीचा_पाहुणा
१३ जून, दुपारी १.००

मी तीन वर्षं पश्चिम केनियात शेतीच्या कामावर होतो. नेपियर तिथल्या लहान शेतकऱ्याचा श्वास आहे. अर्धा एकर शेत, दोन गायी, कायम बांधलेल्या, आणि सायकलवर नेपियरचे भारे.

तिथे मक्याच्या खोडकिडीसाठी एक सुंदर पद्धत वापरतात. मक्याच्या भोवती नेपियरच्या ओळी, मक्यामध्ये डेस्मोडियम नावाचं द्विदल. डेस्मोडियमच्या वासाने पतंग दूर पळतो, नेपियरच्या वासाने त्याकडे ओढला जातो आणि तिथे अंडी घालतो. अळी ताटात शिरू लागली की नेपियर चिकट रस सोडतं, बहुतेक अळ्या त्यातच मरतात. नैरोबीच्या कीटक संशोधन केंद्रात डॉ. झेयाउर खान या मूळच्या भारतीय शास्त्रज्ञाने इंग्लंडच्या रॉथमस्टेडसोबत १९९० च्या दशकात हे विकसित केलं. वैरण मिळते, मका वाचतो.

पण तिथेच मी नेपियरचा खुजा रोगही पाहिला. पानं पिवळी, ताटं आखूड, दोन-तीन कापण्यांत ठोंब खलास. तुडतुडे पसरवतात आणि रोगट बेण्यातूनही जातो. म्हणून नवशिक्या मित्रा, बेणं घेताना शेतात जाऊन उभं पीक बघ. फोटोवर घेऊ नकोस.

---

नवशिक्या_गोपालक
१३ जून, रात्री ८.१५

सगळ्यांचे आभार. शेवटचं विचारतो. पावसाळ्यात गवत जास्त होतं आणि थंडीत कमी. याचा मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवून साठवलेला चारा, होतो का?

---

गोठ्यातली_काकू
१३ जून, रात्री ९.००

होतो रे बाळा, पण मक्यासारखा सहज नाही. मक्यात साखर असते, दाणा असतो, तो आपोआप आंबतो. नेपियरमध्ये पाणी जास्त, साखर कमी. आम्ही पहिल्या वर्षी ओलंच भरलं, तर बॅगेतून काळं पाणी आणि घाण वास. सगळं उकिरड्यावर.

आता कापून एक दिवस सुकवते. मुठीत कुट्टी दाबली तर पाणी गळायला नको, हात नुसता ओलसर व्हावा. बोटाच्या पेराएवढी कुट्टी. शंभर किलोला दोन-तीन किलो गूळ पाण्यात कालवून शिंपडते, मळी मिळाली तर तीही चालते. शक्य असेल तर निम्मा मका मिसळते. मग पायाने तुडवून तुडवून हवा काढायची. कोपऱ्यात हवा राहिली की तिथून बुरशी. दीड महिन्याने उघडते. वास आंबट-गोड यावा, रंग पिवळसर हिरवा असावा. बुरशीचा गोळा दिसला तर काढून टाक, गाभण गाईला तर दाखवूही नको.

---

माणदेशी_दावण
१५ जून, रात्री ९.३०

मंडळी, आज तो माणूस परत आला होता. तीन कागद मागितले. जागेचा सातबारा दाखवला, तोही दुसऱ्याच्या नावावर. बाकीचे दोन "प्रक्रियेत आहेत" म्हणाला. उचल न केल्यास भरपाई आणि स्लरी परत, ही दोन कलमं लिहून द्या म्हटलं, तर वरच्या साहेबांना विचारतो म्हणून गेला. सह्या केलेल्या तिघांनाही हा धागा वाचायला दिलाय. त्यातल्या एकाने बेण्याचे पैसे अजून भरले नव्हते, त्याने थांबवलं.

दोन एकर नवं लावत नाही. आहे त्याच एकरात मोकळ्या झालेल्या जागी नवे ठोंब भरतो, सहा वर्षांत मध्ये मध्ये खाडे पडलेत. दर पाचव्या ओळीनंतर दशरथ घासाची एक ओळ टोकतोय. पाट वळवायला आज दोन माणसं लावली.

नवशिक्या भावा, जयवंतच्या कांड्या देतो, पैसे नकोत. रविवारी सकाळी लवकर ये, ऊन व्हायच्या आत कापून ओल्या पोत्यात भरू, त्याच दिवशी लावायला हव्यात. येताना विळा आण, आणि काकूंनी सांगितलंय तसं हातात घालायला काहीतरी.

---

नवशिक्या_गोपालक
१५ जून, रात्री ९.४१

येतो दादा. सातच्या आत पोहोचतो. सहाशे कांड्या पुरतील, चार गुंठ्यांचीच तयारी झाली आहे.

---

डॉ_गोठा
१५ जून, रात्री १०.०२

सहाशेऐवजी आठशे घेऊन ये. चार गुंठ्यांना साडेसातशे लागतात, आणि थोड्या मरतात.